ज्याला कमी दिसतील, त्याचा नंबर पहिला

एका गच्चीवर चार-पाच माणसं आणि एक दुर्बीण जमली, की तारे बेतानेच दिसतात. किस्से मात्र ढिगाने साठतात! दाना ओली ह्या आमच्या गल्लीत आबा मास्तरांच्या गच्चीवर आमची अशीच बैठक असे. आबा शाळेत गणित शिकवायचे आणि तारकापुंजांचं त्यांना वेड होतं. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनियरकडून त्यांनी पितळी दुर्बीण घेतली होती. हिवाळ्यात दिवेलागण झाली, की मी दफ्तरातली कारकुनी आटोपून थेट त्यांच्याकडेच.

आबांचा एक नियम होता. दुर्बिणीला डोळा लावण्याआधी प्रत्येकाने नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकांचा पुंजका बघायचा आणि किती तारे दिसले ते सांगायचं. ज्याला सगळ्यांत कमी दिसतील, त्याचा नंबर पहिला! "ज्याची नजर अधू, त्याला आधी वाढायचं," आबा म्हणत.

मग काय, मुरार छावणीतले सुभेदार जाधव पहिल्याच दिवशी म्हणाले, "दोन!"

लढाईत ह्याच माणसाने मैलभरावरचा शत्रू ओळखला होता म्हणे.

* * *

माधवगंजातल्या देवळाचे जोशीबुवा वर न बघताच "सहा" म्हणायचे. एकदा आभाळ गच्च भरलेलं. तरी बुवांचं आपलं "सहा!"

"अहो बुवा, ढग आहेत!"

"असू देत. शास्त्रात सहा आहेत. ढगांनी शास्त्र बदलतं काय?"

ह्याच बुवांना आबांनी एकदा पुष्य नक्षत्रातला पुंजका दाखवला. पुष्याचे तारे तीन, हे बुवांचं लहानपणापासूनचं पाठ. नळीतून बघतात तर तांदूळ सांडल्यासारखे तारेच तारे! बुवांना घाम फुटला.

"मास्तर, एवढी मंडळी बसलीये तिथे, आणि मी आजवर तिघांच्याच भरवशावर मुहूर्त काढून राहिलोय?"

* * *

शेजारच्या लालाजींची एकदा तक्रार आली. "मास्टर साहब, आपकी दूरबीन हमारे आँगन में झाँकती है!"

आबांनी त्यांना वर बोलावलं आणि सांगितलं, की ही आकाशाची दुर्बीण आहे, हिच्यातून सगळं उलटं दिसतं. लालाजींचा विश्वास बसेना. अजून उजेड होता, म्हणून आबांनी नळी त्यांच्याच अंगणाकडे वळवली. तिथे खाटेवर लालाजींच्या मातोश्री बसल्या होत्या.

लालाजी ओरडले, "हाय राम! पहले अम्मा को सीधा कीजिए!"

* * *

सुभेदारांनी एकदा विचारलं, "मास्तर, ह्या कृत्तिकांची रेंज किती?"

"त्यांचा उजेड इथे पोचायलाच शेकडो वर्षं लागतात."

सुभेदारांनी जरा विचार केला. "मग सोडा. तोपर्यंत आपण रिटायर."

* * *

आणि माई. आबांच्या पत्नी. त्यांना कृत्तिकेत नऊ तारे दिसायचे! आम्हा सगळ्यांत तेज नजर, म्हणून नियमाप्रमाणे नंबर कायम शेवटचा. पोह्यांच्या बशा वाटून त्या कठड्याशी उभ्या राहायच्या. त्यांची पाळी येईपर्यंत कधी धुकं यायचं, कधी आबांना जेवायची घाई व्हायची. इतक्या वर्षांत त्यांनी दुर्बिणीतून जेमतेम तीन-चारदा बघितलं असेल.

सुभेदारांना वाईट वाटायचं. "वहिनी, एक दिवस म्हणा की तीन! कोणाला मालूम पडणारे?"

"दिसतायत त्यांना नाही कसं म्हणू, भावजी?"

* * *

आबांचा आकडा ठरलेला, "सात." पण मागच्या दोन हिवाळ्यांत ते दुर्बिणीचा फोकसचा स्क्रू भलतीकडेच फिरवून ठेवू लागले. आम्ही काही न बोलता तो परत जागेवर आणायचो. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, दोन्ही डोळ्यांत. आबांनी आमच्यापाशी अवाक्षर काढलं नाही. दुर्बीणवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर बैठक मोडेल, ही त्यांची धास्ती. माईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "त्यांना कळू देऊ नका हं, की तुम्हाला ठाऊक आहे." मला फार वाईट वाटायचं. त्या माणसाने आम्हाला आकाश दाखवलं होतं.

पौषातली संध्याकाळ. कृत्तिका अगदी डोक्यावर. सुभेदार "दोन", बुवा "सहा", मी "पाच". मग आबांची पाळी आली. त्यांनी मान वर केली, ती बराच वेळ खाली आणली नाही.

"एकही नाही," ते म्हणाले. "ते सातही दिसत नव्हते. पार गेल्या वर्षापासून नव्हते."

बुवा पहिल्यांदाच वर बघत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "माई, तुमचे किती?"

माईंनी वर पाहिलं. आकाश घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं.

"आज मलाही एकही दिसत नाही," माई म्हणाल्या.

सुभेदारांनी दुर्बिणीपाशी दोन स्टुलं मांडली.