दहाच्या लाल नोटेला हळदकुंकू

आमच्या ओळखीत कुणाला जुनी नोट सापडली की ती शुक्रवारी मस्कतजवळ सीबला माझ्या घरी येते. बहुतेकांची निराशाच होते. नोट जुनी म्हणून महाग असतेच असं नाही, हे मी चहाबरोबर सांगतो. पण फुकटचा सल्ला कोण ऐकतं?

माझी स्वतःची हौस एकाच जातीच्या नोटांची. ओमानमध्ये पूर्वी भारतीय रुपया चालायचा, आणि पुढे आखातासाठी वेगळ्या रंगांच्या नोटा निघाल्या. आपली दहाची जांभळी, तर इथली लाल. नंबराआधी इंग्रजी झेड दिसला की ओळख पटली. माझ्याकडची दहाची अगदी कोरी होती, टाचणीचं भोकसुद्धा नव्हतं. पाचाची नारिंगी मात्र कित्येक वर्षं हुलकावणी देत होती. शेवटी सोहारचे एक निवृत्त ओमानी गृहस्थ माझी दहाची आणि वर काही रियाल घेऊन अदलाबदलीला तयार झाले. दिवाळीनंतरचा शुक्रवार ठरला.

ते आले, मी ऐटीत अल्बम उघडला आणि गार पडलो. माझ्या लाल नोटेच्या मधोमध हळदकुंकू होतं, वर अक्षतेचा दाणाही चिकटलेला.

"ये किसने किया?" भिंग खाली ठेवत त्यांनी विचारलं. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं.

"मैंने," बायको चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. "लक्ष्मीपूजन में रखा था. ये हमेशा बोलते हैं, घर में इससे कीमती कागज नहीं."

माझं डोकं भणभणत होतं. पण घरात माझ्या नोटांचं पुराण कुणी ऐकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. हिने ते ऐकलं होतं, वर खरंही मानलं होतं. आता भांडायचं तरी कशावरून?

"हल्दी नहीं निकलेगी. खलास," म्हणत पाहुण्यांनी आपली नारिंगी नोट पाकिटात परत ठेवली. चकल्या मात्र मनापासून खाल्ल्या.

ते गेल्यावर मी अल्बम मिटला. वाईट वाटत होतं, खूपच.

"ती पाचाची याहून महाग असते का हो?" बायकोने कप उचलता उचलता विचारलं.

"बरीच."

"मग नाही आली तेच बरं. पुढच्या दिवाळीला मी तीच चौरंगावर ठेवली असती."