उंबऱ्यावरून वाचता आलं पाहिजे

पद्माअक्कांवर अन्याय झाला तो दिवाळीनंतरच्या शुक्रवारी दुपारी, रुग्णालयाच्या डिस्चार्जच्या खिडकीवर. हातात पडलेला कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि खिडकीतल्या मुलीला म्हणाल्या, हाच मला मोठ्या अक्षरात काढून दे. ती म्हणाली, अक्षर सिस्टिममधून येतं, मॅडम. मागे रांग खोळंबली होती. अक्कांचे धाकटे भाऊ वेंकटराव, ज्यांना मी काका म्हणते, त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि दोघं चेन्नईतल्या वेलचेरीला घरी आली. त्या कागदावर नव्या गोळ्यांची यादी ठळक होती. आणि पार तळाशी, तपासणीच्या पॅकेजची जाहिरात होती तिच्या जरा वर, करड्या बारीक अक्षरांत एक ओळ होती: रक्त पातळ करणारी जुनी गोळी बंद करावी. काकांनी जुनीही दिली आणि तिच्या जागी आलेली नवीही दिली. आठवडाभर. मी सुट्टीला नाशिकला होते, तिथे त्यांचा फोन आला. "अक्का गेली गे..." मेंदूत रक्तस्राव झाला होता.

काका विचारायला गेले तेव्हा रुग्णालयाचं उत्तर एका वाक्याचं होतं. कागदावर लिहिलेलं होतं. हे वाक्य मी विसरणार नाही, आणि ज्या बाईने उभं आयुष्य या वाक्याशी भांडण्यात घालवलं तिच्याबद्दल लिहायचं तर याच वाक्यापासून सुरुवात करणं भाग आहे.

अक्का तंजावरकडच्या मराठी घरातल्या. अड्यारच्या एका प्रकाशनात शाळेच्या पुस्तकांची अक्षरं जुळवून छपाईसाठी पानं लावायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं, तमिळ, इंग्रजी आणि कधीमधी आपली देवनागरीसुद्धा. मी नोकरीसाठी चेन्नईला आले, त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहू लागले, आणि टँकरच्या पाण्यावरून रहिवाशांचं आंदोलन सुरू झालं तेव्हा पहिलं पत्रक मी केलं. तीन रंग, सगळा मजकूर ठळक, प्रत्येक ओळीला अधोरेखा. घरोघर टाकलं. संध्याकाळी त्यातलं एक माझ्या दाराखालून परत आलं, लाल शाईने भरलेलं. मी तावातावाने खाली गेले. अक्का डोशाचं पीठ कालवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सभा कधी आहे, सांग की. तूच लिव्हलीस ना?" मी माझ्याच पत्रकात शोधायला लागले... सापडेना. "पोतुम, कण्णा," त्या म्हणाल्या, पुरे, बाळा. "तू नुसती कावतेस. माणसांनी सभेला यायचं आहे की तुझा राग बघायला?"

त्या दिवसापासून आमची पत्रकं त्यांच्या बाल्कनीत तयार होऊ लागली. त्यांची पद्धत एकच होती. कच्चा कागद कपड्यांच्या दोरीवर, ओल्या लुगड्याशेजारी, चिमट्याने लावायचा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून वाचायचा. जिचे हात पिठात आहेत, जिला चष्मा शोधायला सवड नाही, तिला मुख्य गोष्ट तिथून कळली पाहिजे. नाही कळली तर अक्षर मोठं करायचं, आणि जागा पुरत नसेल तर मजकूर कापायचा. माझी चांगली चांगली वाक्यं त्यांनी कापली, मी रुसले तरी कापली. ओळींमध्ये जागा सोडायला त्यांनी शिकवलं. "वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतोय बघ, दोघींना श्वास घेऊ दे." करड्या अक्षराचा त्यांना संताप होता. जे सांगायची लाज वाटते ते लोक करड्यात छापतात, असं त्या म्हणायच्या. मला तेव्हा ते जास्तच वाटायचं.

स्वभावाने गोड वगैरे नव्हत्या. मंडळाची गणपतीची निमंत्रणपत्रिका आली, लाल कागदावर सोनेरी वळणदार अक्षरं, तर चिटणीसांना म्हणाल्या, "गणपतीला येईल वाचता, त्याचे डोळे बारीक. आमचं काय?" चिटणीस वर्षभर बोलले नाहीत. पुढच्या वर्षी पत्रिका पांढऱ्यावर काळी आली आणि अक्कांनी ती दोरीवर लावून मला मुद्दाम खाली बोलावून दाखवली. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिला. मग मोतीबिंदू वाढला, हृदयाचं दुखणं निघालं म्हणून डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढे गेली, आणि शेवटचे काही महिने उंबऱ्यावर मी उभी राहायचे नि त्या खुर्चीतून विचारायच्या, "दिसतंय? खरं सांग हं."

नाशिकहून परत आल्यावर मी खाली गेले. काका जेवत नव्हते. गोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मला पाहून म्हणाले, "मीच मारलो काय गे तिला? ते म्हणतात लिहिलेलं होतं. मी वाचलो नाही." मी त्यांच्याकडून तो डिस्चार्जचा कागद मागून घेतला. बाल्कनीत गेले. दोरीवर चिमटे होते तसेच होते, त्यातल्या एकाने कागद लावला, आणि काकांना हाताला धरून उंबऱ्यावर आणलं. "वाचा."

त्यांनी चष्मा पुसला. रुग्णालयाचं नाव वाचलं. जाहिरातीतला हसरा डॉक्टर त्यांना दिसला, पॅकेजचं नावही वाचता आलं. "आणि जाहिरातीच्या वर?" काका पुढे वाकले. "रेघ आहे एक." रेघ नव्हती, तीच ओळ होती. माझे डोळे तरुण आहेत, चष्मा नाही, मलाही तिथून रेघच दिसत होती. "मलाही येत नाही वाचता, काका," मी म्हटलं. ते उंबऱ्यावरच खाली बसले आणि अक्का गेल्यापासून पहिल्यांदा रडले. मी शेजारी बसून राहिले. त्या रात्री थोडा सांबारभात त्यांच्या पोटात गेला.

कागद अजून दोरीवर आहे, काका काढू देत नाहीत. कपडे त्याच्या दोन्ही बाजूंना वाळत घालतात. आम्ही तक्रार केली आहे, ती चालेल तशी चालेल. पण तुमच्या घरातही आज कुणाचा तरी औषधांचा कागद खिशात, पिशवीत, फ्रिजवर असेल. तो काढा. दोरीवर लावा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहा. कोणती गोळी बंद करायची आहे ते तिथून वाचता आलं नाही, तर तो कागद घेऊन त्याच खिडकीवर परत जा, मोठ्या अक्षरात मागा, आणि मागे कितीही रांग खोळंबली तरी मिळेपर्यंत हलू नका.