शोभनाकाकूंनी करून दिलेला परिचय

२००३ च्या त्या दिवाळीत शोभनाकाकूंचं डोकं तापलेलं होतं, आणि का तापू नये? ट्रॉय शहरात सारी नोकरी त्यांनी गाड्यांच्या धुरात काय काय असतं ते तपासण्यात घालवली. आता त्यांच्याच भागातला अमेरिकन आमदार विधेयक घेऊन उभा होता: हवा तापवणाऱ्या वायूंवरचे राज्याचे नियम रद्द, आणि पुन्हा कुठल्याही खात्यानं ते करायचे नाहीत. राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगला, सुनावणीत काकू बोलायला उठल्या, तर या गृहस्थानं "थँक यू, मॅम" म्हणत त्यांना पहिल्याच वाक्यावर खाली बसवलं.

आणि महाराष्ट्र मंडळानं दिवाळीला प्रमुख पाहुणा कोण बोलवावा? तोच!

"काकू, त्याच्यामुळे शाळेचा हॉल मिळतो," अध्यक्ष उल्हास म्हणाला. "तुम्ही सीनियर, शाल-श्रीफळ तुमच्याच हातून. परिचयही तुम्हीच करून द्या. फक्त पॉलिटिक्स नको, प्लीज."

काकूंनी परिचय करून दिला. अस्सल मराठीत.

"थर्मामीटर फोडला की ताप उतरतो, असं या माणसाचं मत आहे. तुमची मुलं ज्या हवेत म्हातारी होणार, तिची काळजी घ्यायलाच हा कायद्यानं बंदी घालतोय. झोपलेल्याला उठवता येतं. यानं झोपेचं सोंग घेतलंय."

हॉल फिदीफिदी हसला. मराठीचं अक्षरही न कळणारा आमदार सगळ्यांहून जोरात टाळ्या पिटत होता. शाल पांघरून, काकूंच्या खांद्यावर हात टाकून त्यानं फोटो काढून घेतला. उद्या हाच फोटो त्याच्या प्रचारपत्रकावर झळकणार: इंडियन इंजिनियर्स आपल्या पाठीशी!

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. तोंडावर गोड हसायचं, मराठीत सालटी काढायची आणि मोठा तीर मारल्यासारखं घरी जायचं; आपल्या लोकांची ही भेकड खोड त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, केलीही होती.

त्यांनी माईक पुन्हा हातात घेतला आणि तेच सगळं इंग्रजीत सुरू केलं.

हसू जागच्या जागी थिजलं. आमदाराचा चेहरा उतरला. उल्हासनं धावत जाऊन माईक बंद केला, तशा काकू खणखणीत आवाजात बोलू लागल्या.

"काकू, अहो, त्याला सगळं कळतंय!" उल्हास कळवळून म्हणाला.

"मग मघाशी कुणासाठी बोलत होते मी?" काकू कडाडल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी आमदाराच्या डोळ्यांत बघून म्हटलं.