जखमेचं वय

नवऱ्या सजवायला शिकायचं म्हणून मी शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या मेकअप क्लासला नाव घातलं, आणि काही महिन्यांत नवऱ्या सोडून जखमा रंगवू लागले. मालिका-सिनेमांसाठी खोट्या जखमा करायचाही एक कोर्स तिथं होता. मला तो भलताच आवडला. नवरीला कितीही थापाथोपी करा, शेवटी तिच्या मावशीला ती फिकीच वाटते. जखमेला नावं ठेवायला कुणाची मावशी येत नाही.

आमच्या मॅडम सांगायच्या, माराचा वळ रंगवायचा तर आधी त्याचं वय ठरवा. ताजा मार लाल. मग तो जांभळा, काळा होतो. पुढे भोवतीनं हिरवट पडतो आणि जाता जाता पिवळा. लाल, जांभळा मला पहिल्याच दिवशी जमला. हिरवा काही केल्या जमेना. पालक सांडल्यासारखा दिसायचा.

सराव घरी, स्वतःच्याच अंगावर. आमचं घर शहराच्या कडेला, मागे मेथी-कोथिंबिरीचे वाफे. पहिल्यांदा माझं फुटलेलं कपाळ पाहून आईच्या हातातली जुडी खाली पडली. पुढे पुढे ती नुसतं "पूस आन जेवायला ये" म्हणायची. खोबरेल चोळलं की सगळं निघतं, हे तिलाही पाठ झालं होतं. वडील तर येईल त्या पाहुण्याला कौतुकानं सांगत, "आमच्या पोरीला रोज कोणीतरी मारतं." सगळे हसत. मीही हसायची.

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, ताई माहेरी आली. तिला बागलाणात दिलेली. एवढ्या उन्हात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली, तरी कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी न्हाऊन केस पुसताना तिची बाही वर सरकली आणि आईला दंड दिसला.

"हे काय गं?"

ताई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिनं रंगवलंय. क्लासचं."

मी तिच्या अंगाला बोटही लावलं नव्हतं. पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझं तोंड उघडेना.

"सणासुदीचं कशाला असलं," म्हणत आईनं खोबरेलाची बाटली आणली आणि तिला समोर बसवलं. चोळू लागली. ताई ओठ दाबून बसली होती. आईनं आणखी तेल घेतलं, जोर लावला. मधे जांभळा, भोवती हिरवा, कडेनं पिवळा. मला न जमलेला तो हिरवा मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. कोपऱ्यातल्या माझ्या रंगांच्या डब्यांची मला किळस आली.

आईचा हात थांबला. तिनं ताईची बाही खाली ओढली आणि आत जाऊन पुरण वाटायला बसली.

रात्री आईनं वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "समजावून सांगू त्यांना. लगेच पोरीचा संसार मोडायचा का?" सकाळी जावई न्यायला येणार होते. ताई मुकाट्यानं बॅग भरत होती. मला वडिलांचा इतका राग आला, की मी त्यांना चहासुद्धा दिला नाही.

जावई आले. ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, ती आखूड बाह्यांचा ब्लाउज घालून. आईनंच तिला तो घालायला लावला होता. त्यांची नजर दंडावर गेली. मग नजर माझ्याकडे वळली आणि ते छान हसले. माझ्या क्लासचं कौतुक त्यांनीही वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं.

"हात चांगला बसलाय हो तुमचा," ते मला म्हणाले. "अगदी खरं वाटतं." आणि ताईकडे वळून, "धुऊन घे ते. निघायचंय आपल्याला."

ताई जागची हलली नाही. वडिलांनी आईनं दिलेला चहाचा कप खाली ठेवला, पण मान वर केली नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदराला हात पुसले.

"जावईबापू, काल लय घासलं मी," ती म्हणाली. "निंघत नाय ते. ती येनार नाय. तुम्ही जेवून जा."