टॉवेलाखालचा सौदा

माझ्या वडिलांनी, आण्णांनी, ताडकळसच्या बाजारात हयातभर बैलांचे सौदे केले. टॉवेलाखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा; शेजारी उभ्या माणसालाही कळता कामा नये.

मी मात्र घरी बसून क्रिप्टोचे सौदे करायला निघाले होते. क्रिप्टोच्या ऑनलाइन बाजाराशी, म्हणजे एक्स्चेंजशी, बोलणारा तयार कोड वापरून प्रोग्राम लिहिला, माझं थोडं इथेरियम नावाचं क्रिप्टो चढ्या भावानं विकायला लावलं आणि कुणी घेईना म्हणून चिडून बसले. आण्णा मागून स्क्रीन बघत होते. सगळ्यांचे भाव तिथं उघडेच!

“आगं, असा चारचौघांत भाव सांगितल्यावर कोन घ्यायलाय?” म्हणत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल लॅपटॉपवर टाकला.

मी भडकले. त्यांनी मला हाताला धरून चहाला नेलं. परत येऊन टॉवेल उचलला, तर सौदा झालेला! लाल कंधारी बैलांची जोडी विकल्यासारखे आण्णा खुलले.

हा योगायोग आहे, हे समजावून समजावून मी थकले. आता प्रोग्राम आपोआप चालतो, लॅपटॉप कायम टॉवेलाखाली असतो, आणि कपडे गोळा करताना आई दारातून ओरडते, “टॉवेल धुवायला न्यायचा का गं, का सौदा चालू हाय?”

मीही टॉवेलाचं टोक उचलून, बघून सांगते.