दोन्ही बाजूंना सारखा थेंब

नांदेडच्या प्रयोगशाळेत मी दोन वेगळी प्लॅस्टिकं एकत्र विरघळवून काचेवर ओतायची. द्रावण वाळलं की पातळ पापुद्रा उरायचा आणि दर वेळी तो ताकासारखा पांढुरका निघायचा. म्हणजे दोन्ही मिसळलीच नव्हती, आतल्या आत बारीक ठिपक्यांनी वेगळी बसली होती. शिवाय त्यातलं पाण्याला दूर ठेवणारं प्लॅस्टिक वर, हवेच्या बाजूला गोळा व्हायचं. तिथं पाण्याचा थेंब गोल उभा राहायचा, काचेकडच्या बाजूला मात्र पसरायचा.

मग मी एका प्लॅस्टिकच्या साखळीत मधूनमधून असे अणूंचे गट जोडले, की ते दुसऱ्याच्या साखळीला धरून ठेवतील. आधी गट कमी पडले. ते वाढवत गेले आणि एका सकाळी काचेवरून पापुद्रा सोडवला, तर त्यातून माझ्या बोटांच्या रेषा स्वच्छ दिसल्या.

पण पृष्ठभाग बदलला का, ते थेंबाची कड पापुद्र्याशी करते तो कोन मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. ते यंत्र लातूरच्या एका कॉलेजात होतं. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, तेव्हा इस्लापूरहून आमच्याकडं आल्या होत्या.

"येकटी कशाला जाती? मी बी येते," त्या म्हणाल्या. "तू रोज काय करू लालीस, ते बघू तरी."

बसमध्ये पापुद्र्यांचा डबा मांडीवर घेऊन त्याच बसल्या. लातूरला मी आधी जुना पापुद्रा यंत्राखाली ठेवला. पडद्यावर थेंब मोठा दिसला. एका बाजूला मोत्यासारखा, पालथा केल्यावर चपटा.

"बिघडलं का गं ह्ये?"

"हे जुनं आहे, आत्या. आता नवं बघा."

नव्यावर थेंब सोडला. कोन मोजला. पापुद्रा पालथा घालून पुन्हा मोजला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे! साखळ्यांनी एकमेकींना इतकं घट्ट धरलं होतं, की कुणी एकटी वर जमायला मोकळी उरली नव्हती.

"जमलं का?" आत्यांनी विचारलं.

"जमलं."

यंत्र चालवणाऱ्या सरांनी त्यांना विचारलं, "आपण कोण?"

"मी हिची सासू," त्या ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "ह्ये हिनं केलंय."

पुढं त्या कामावर माझा शोधनिबंध छापून आला, पीएच.डी. झाली. मग आम्ही इस्लापूरला गेलो, तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमच्या सुनंनं प्लॅस्टिकचा कारखाना काढलाय म्हणं?"

"कारखाना न्हाई वो," आत्या म्हणाल्या. "दोघांचं लई दिस जमत नव्हतं. हिनं जमवून दिलं. आता वरून बघा न्हाईतर खालून, येकसारखं हाय."

मी शेजारीच उभी होते. त्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही.