अळूखालचा नकाशा

हॅम्बर्गच्या बंदरामागे, कालव्याकाठी, आम्ही श्रेबरगार्टन घेतला. म्हणजे शहरातल्या माणसांना भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा. जमीन इतकी ओली की टाच रुतायची. सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या त्या साड्यांच्या घड्यांत अळूचे कंद लपवून. "याला अशीच दलदल लागते," म्हणत त्यांनी ते लावले, आणि जुलैत सुपाएवढी पानं आली.

तेव्हापासून शेजारच्या बागेतला म्हातारा कुंपणाशी घुटमळू लागला. आधी पानांकडे बघायचा, मग आमच्या पाच वर्षांच्या मुलीकडे. मला तो पहिल्यापासूनच खटकला होता. त्याच्या भाज्या कमरेइतक्या उंच लाकडी खोक्यांत, ओळीने. जमिनीत एक काडी नाही. असला शिस्तीचा माणूस चोरून आणलेल्या कंदांची तक्रार करणारच, अशी माझी खात्री. चोराच्या मनात चांदणं! तो फाटकाशी आला की मी बागेतल्या खोपटाची कडी लावून आत बसायचे. एकदा बोलून तर बघ, असं नवरा म्हणाला. तू दिवसभर ऑफिसात, तुला काय कळतंय, असं मी त्यालाच सुनावलं.

थंडीभर घरात जपलेले कंद दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा लावले. एके दिवशी म्हाताऱ्याने मला बसस्टॉपवर गाठलं आणि पिशवीतून या भागाचा एक जुना नकाशा काढला. दलदल निळ्या तुटक रेघांनी दाखवलेली, मधून कालवा. त्याचं वळण मी ओळखलं. वळणाच्या आत काळा चौकोन आणि शेजारी खड्डा.

तो सावकाश, सोप्या जर्मनमध्ये सांगत होता. इथे डांबराचा कारखाना होता. त्याचा विषारी गाळ या खड्ड्यात टाकत, नंतर वर माती लोटून बागा केल्या. म्हणून सगळे बाहेरून माती आणून खोक्यांत लावतात. करारात तसं लिहिलंय म्हणे. करार नवऱ्याने मोबाइलवर भाषांतर करून वाचला होता, तोही फक्त पहिलं पान.

तरी मला वाटलं, हा आम्हाला हुसकावायला बघतोय. मी फटकन विचारलं, मग वर्षभर गप्प का बसलात?

"तीनदा आलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही दर वेळी कडी लावलीत."

घरी पोचले तेव्हा सासूबाई अळूवड्या तळत होत्या. मुलगी ताटली पुढे करून जर्मनमध्ये आणखी एक मागत होती. दोन उन्हाळे, ती मागेल तितक्या, मीच वाढत आले होते.